डोंगरातल्या शिकारीसाठी अतिहलकी रायफल घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या ड्रॉचे, म्हणजे शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीचे निकाल लागतात, हातात एल्कचा (तिथल्या मोठ्या हरणाचा) टॅग येतो, म्हणजे एक जनावर मारायची परवानगी मिळते आणि ओळखीतल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न रायफलीच्या वजनाचा असतो, कारण ३,००० मीटर उंचीवर चढायचंय ही धास्ती सगळ्यात आधी मनात बसते. फोनवर जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितोय. सगळं बोल्ट रायफलीबद्दल, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो अशा रायफलीबद्दल, आणि पायी, डोंगर चढून केलेल्या शिकारीबद्दल आहे. मचाणावर बसून हरणाची वाट पाहणाऱ्यांना यातलं फारसं लागू नाही.

अतिहलकी म्हणजे नेमकी किती वजनाची?

कारखान्यातून येणारी साधी शिकारी रायफल दुर्बिणीशिवाय ३.२ ते ३.६ किलो, म्हणजे ७ ते ८ पौंडांची असते. टिक्का टी३एक्स लाइट साधारण २.९ किलोची आहे, तिला हलकी म्हणता येईल. अडीच किलोच्या, म्हणजे साडेपाच पौंडांच्या खाली गेलं की अतिहलक्या रायफलींचा वर्ग सुरू होतो. किंबरची माउंटन असेंट .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या आवृत्तीत ४ पौंड १३ औंस, म्हणजे जेमतेम २.२ किलो भरते. वेदरबीच्या बॅककंट्री टीआयसारख्या रायफलीही याच गटातल्या.

पण जाहिरातीतला आकडा नुसत्या रायफलीचा असतो. त्यात दुर्बीण, रिंगा (दुर्बीण रायफलीला जोडणाऱ्या कड्या), पट्टा आणि मॅगझिनमधली काडतुसं मिळवा. दुर्बीण ३५० ते ४०० ग्रॅम, रिंगा ६० ग्रॅम, पट्टा १०० ग्रॅम आणि .३०८ ची चार काडतुसं आणखी १०० ग्रॅम. म्हणजे २.२ किलोची रायफल खांद्यावर येते तेव्हा २.८ किलोची झालेली असते. दोन रायफलींची तुलना करायची तर याच अवस्थेत, भरलेल्या आणि सजवलेल्या, काट्यावर ठेवून करा. खाली जिथे जिथे वजन लिहिलंय तिथे, वेगळं सांगितलं नसेल तर, हे पूर्ण वजन धरा.

किलोभर वजनाने खरंच इतका फरक पडतो का?

पडतो, पण लोक समजतात तिथे नाही.

एल्कच्या शिकारीत पाठीवर दिवसभराचं सामान असतं: पाणी, जेवण, जास्तीचे कपडे, सुऱ्या, मांसासाठी पिशव्या, दोर, प्रथमोपचाराची पेटी. साताठ किलो सहज होतात. रायफल एक किलोने हलकी केली तर एक लिटर पाण्याइतकं वजन वाचलं. सॅक नीट आवरली तर तेवढं वजन फुकटात कमी होतं. शिकार मिळाल्यावर तर हा हिशेब आणखीच किरकोळ वाटतो. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस साधारण ८० ते १०० किलो भरतं आणि ते पाठीवरून तीन-चार फेऱ्या मारून खाली आणावं लागतं. त्या फेऱ्यांत रायफल किती ग्रॅमची होती हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

फरक जाणवतो तो हातात. रायफल सॅकला बांधलेली असते तेव्हा तिचं वजन पाठीत मुरून जातं. एल्कच्या खुणा ताज्या दिसायला लागल्या की मात्र ती सोडवून हातात घ्यावी लागते आणि मग पडलेल्या झाडांवरून, दगडांच्या घसाऱ्यावरून दोन-तीन तास तशीच बाळगावी लागते. तिथे साडेतीन किलो आणि पावणेतीन किलो यांतला फरक मनगटाला, खांद्याला आणि मुख्य म्हणजे तुमच्या सावधपणाला कळतो. दमलेला माणूस रायफल जमिनीवर टेकवतो, झाडाला उभी करतो, नळीचं तोंड मातीत घालतो. हलकी रायफल हातात राहते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

न्यूझीलंडमधल्या मंडळींसाठी उत्तर जास्त ठाम आहे. दक्षिण बेटावर आओराकी/माउंट कुक परिसरात १९०४ मध्ये सोडलेल्या हिमालयी ताहरांची (डोंगरी रानबकऱ्यांची) संख्या पुढे इतकी वाढली की आज तिथे त्यांची शिकार नियमित होते. तो मुलूख इतका उभा आहे की एक हात सतत दगडावर असतो. तिथे हलकी रायफल घ्या, मी अडवणार नाही.

वजन कमी करतात ते कुठून?

चार ठिकाणांहून: दस्ता (ज्यात नळी बसते आणि जो खांद्याला टेकतो तो भाग), नळी, रिसीव्हर (ज्यात बोल्ट सरकतो तो मधला धातूचा भाग) आणि बाकीचं किडूकमिडूक.

दस्ता लाकडाऐवजी कार्बन फायबरचा केला की ३०० ते ५०० ग्रॅम सहज जातात. चांगला कार्बनचा दस्ता लाकडापेक्षा ताठ असतो, पावसात फुगत नाही, थंडीत वाकत नाही. खिशाला मात्र झळ बसते.

रिसीव्हर टायटॅनियमचा करतात. टायटॅनियमची घनता साडेचार, पोलादाची पावणेआठच्या वर; म्हणजे त्याच आकाराचा भाग जवळजवळ ४० टक्के हलका होतो. तो गंजत नाही, पण धातूवर धातू घासला की चिकटण्याची त्याची खोड असते, म्हणून त्यावर लेप लागतो आणि बोल्टला वंगण विसरून चालत नाही.

नळी आखूड आणि बारीक करतात, कधी तिच्यावर खाचा पाडतात. वजन सगळ्यात जास्त इथूनच जातं आणि किंमतही सगळ्यात जास्त इथेच मोजावी लागते. पैशांत नव्हे, अचूकतेत आणि वेगात. नळी एक इंच आखूड झाली की गोळीचा वेग साधारण ६ ते ९ मीटर प्रति सेकंद कमी होतो. चोवीस इंचांची नळी वीसवर आणली तर ३०० मीटरच्या आतल्या शिकारीत तेवढा वेग गेलेला कळणारही नाही. आवाज आणि ज्वाळा मात्र नक्की वाढलेली कळते.

कार्बन गुंडाळलेल्या नळीबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. ती तेवढ्याच जाडीच्या पोलादी नळीपेक्षा हलकी असते, पण बारीक पोलादी नळीपेक्षा हलकी नसते. जाड नळीचा ताठपणा हवा आणि वजन मध्यम चालेल, अशांसाठी ती आहे. फक्त ग्रॅम वाचवायचे असतील तर तिच्यावर पैसे घालवू नका.

माझं मत विचाराल तर पहिला पैसा दस्त्यावर खर्च करा आणि नळीला शेवटी हात लावा.

हे खूळ नवीन आहे का?

अजिबात नाही. ऑस्ट्रियाची मानलिखर-शोनाउअर ही सुटसुटीत रायफल १९०३ ची. विंचेस्टरने मॉडेल ७० ची फेदरवेट आवृत्ती १९५२ मध्ये काढली. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मेल्व्हिन फोर्ब्ज यांनी १९८० च्या दशकात केवलार (मजबूत कृत्रिम धागा) आणि ग्रॅफाइटचे दस्ते वापरून पाच पौंडांच्या आसपासच्या रायफली बनवल्या. त्यांचा विचार इतरांपेक्षा वेगळा होता: नळी मोकळी तरंगत न ठेवता दस्त्यात पूर्ण लांबीभर टेकवायची, म्हणजे ताठ दस्ता आणि बारीक नळी एकमेकांना आधार देतात. रेमिंग्टनने २००१ मध्ये मॉडेल ७०० ची टायटॅनियम रायफल आणली. आजच्या अतिहलक्या रायफली याच वाटेने पुढे आल्या आहेत.

आपल्याकडचं उदाहरण जिम कॉर्बेट यांचं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर, १९०७ मध्ये, संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना रिग्बीची .२७५ रायफल भेट दिली. कॉर्बेटांकडे जड दुनळी रायफलही होती, तरी दिवसचे दिवस कुमाऊंच्या चढउतारावर हिंडताना ते ही हलकी रायफल जवळ ठेवत. १९३० मध्ये चौगढची वाघीण काही फुटांवर समोर आली तेव्हा त्यांच्या डाव्या हातात रातव्याची अंडी होती. उजव्या हाताने, एकट्याने, त्यांनी रायफल हळूहळू वळवली आणि बार काढला. जड दुनळी असती तर हे जमणं फार कठीण होतं. हलक्या रायफलीच्या बाजूने याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही. पण ते अंतर काही फुटांचं होतं. आपण बोलतोय ते अडीचशे मीटरवर उभ्या असलेल्या एल्कबद्दल, आणि तिथे गणित बदलतं.

धक्का किती वाढतो?

इथे थोडं शाळेतलं भौतिकशास्त्र आठवावं लागेल. गोळी आणि बारुदाचा वायू जितका संवेग घेऊन पुढे जातात तितकाच संवेग रायफलीला मागे मिळतो. तो काडतुसावर ठरतो, रायफलीच्या वजनावर नाही. पण तोच संवेग हलक्या वस्तूला मिळाला की तिचा वेग जास्त होतो. भरलेली हातगाडी ढकलली तर जेमतेम हलते, तोच धक्का रिकाम्या गाडीला दिला तर ती सुसाट सुटते. त्यामुळे धक्क्याची ऊर्जा रायफलीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते.

आकड्यांत पाहू. .३०८ विंचेस्टरची १५० ग्रेनची (सुमारे ९.७ ग्रॅमची) गोळी सुमारे ८५० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते. पूर्ण वजन ३.६ किलो असेल तर खांद्याला सुमारे २१ ज्यूल बसतात. तेच काडतूस २.७ किलोच्या रायफलीतून सुमारे २८ ज्यूल देतं, आणि अडीच किलोच्या रायफलीतून ३० च्या वर. .३०० विंचेस्टर मॅग्नम २.७ किलोच्या रायफलीत भरलंत तर आकडा ५० ज्यूलच्या पुढे जातो. तो धक्का नवशिक्याला सोसत नाही. जुन्या, मुरलेल्या माणसालाही दहा बारांनंतर नकोसा होतो.

नुसती ऊर्जाच नाही, मागे येण्याचा वेगही वाढतो. जड रायफल खांद्याला ढकलते, हलकी ठोसा मारते. सरावाच्या मैदानावर हे स्पष्ट दिसतं: बाकावर बसून बार काढणाऱ्याच्या हलक्या रायफलीचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवरून वीतभर उडतो आणि दुर्बिणीची कड डोळ्याजवळ असेल तर भुवईच्या वर चंद्रकोरीसारखी खोक पडते. त्यामुळे डोळा आणि दुर्बीण यांत निदान साडेतीन-चार इंच अंतर देणारीच दुर्बीण घ्या.

खरं नुकसान खांद्याचं नसतं, मनाचं असतं. शरीर धक्क्याची धास्ती घेतं, चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे जातो, नळी खाली दबते. हे माणसाला स्वतःला कळत नाही. तपासायचं असेल तर मित्राला मॅगझिन भरायला सांगा आणि खऱ्या काडतुसांत मध्येच एखादं खोटं काडतूस मिसळायला लावा. खोट्या काडतुसावर चाप ओढताना नळी हलली की समजावं, धास्ती बसली आहे.

मग कोणतं काडतूस घ्यावं?

अतिहलक्या रायफलीत सौम्य काडतूस घ्या, यावर माझ्या मनात शंका नाही. ७ एमएम-०८ रेमिंग्टन आणि ६.५ क्रीडमोर ही दोन्ही २.७ किलोच्या रायफलीत साधारण २४ ते २६ ज्यूल धक्का देतात, आणि बेताच्या अंतरावर चांगल्या गोळीने एल्क नीट पाडतात. .२४३ विंचेस्टरचा धक्का १७ ज्यूलच्या आसपास. कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (नळीचा व्यास, इंचांत), किमान ८५ ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा लागते. .२४३ त्यात बसतं, पण एल्कसाठी मी ते पहिल्या पसंतीचं म्हणणार नाही. म्यूल डिअर आणि प्राँगहॉर्न या एल्कहून लहान जनावरांना उत्तम.

हलक्या रायफलीने नेम का हलतो?

३,३०० मीटरवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश उरतो. चढ चढून वर पोचल्यावर छाती भात्यासारखी नव्हे, त्याहून वाईट चालत असते. जड रायफलीचं जडत्व या थरथरीला दाबून टाकतं. हलकी रायफल ती थरथर जशीच्या तशी दुर्बिणीतल्या फुलीपर्यंत पोचवते. त्यात वारा असला तर बारीक नळी वाऱ्याबरोबरही हलते.

दुसरं कारण चापाचं आहे आणि त्याकडे फार थोडे लोक पाहतात. कारखान्यातून आलेला चाप कधी कधी १.८ किलोचा, म्हणजे चार पौंडांचा दाब मागतो. रायफलच अडीच किलोची असेल तर बोटाचा दाब आणि रायफलीचं वजन जवळजवळ बरोबरीला येतात आणि चाप ओढता ओढता रायफलच बाजूला सरकते. चाप एक-सव्वा किलोपर्यंत जाणकार गनस्मिथकडून बसवून घ्या. अतिहलक्या रायफलीवर करायचा हा सगळ्यात फायद्याचा खर्च. त्याहून खूप हलका मात्र नको. थंडीत हातमोजे घातलेले असतात, बोट बधिर असतं.

दुर्बिणीची पट, म्हणजे ती किती मोठं दाखवते ते, कमी करा. १२ पटीवर फुली नाचताना दिसते आणि माणूस घाबरून चाप झटकतो. ६ पटीवर तीच थरथर डोळ्याला कमी दिसते आणि बोट शांत राहतं.

ती धरायची कशी?

जड रायफल पिशवीवर ठेवून मागचा हात दस्त्याखाली घेतला तरी चालतं. हलक्या रायफलीला तसं सोडलं की ती उडते, आणि दर वेळी वेगळी उडते. पुढचा हात पुढच्या लाकडावर, म्हणजे फोरएंडवर ठेवून ती हलकेच खाली दाबून धरा, दस्ता खांद्यात घट्ट घ्या. नळीला काहीही टेकू देऊ नका; फांदीही नको, दगडही नको.

आपल्या लोकांना एक गोष्ट लहानपणापासून येते आणि ती इथे सोन्यासारखी कामाला येते: मांडी घालून बसणं. मांडी घातली, दोन्ही कोपरांचा मांसल भाग गुडघ्यांच्या आतल्या बाजूला टेकवला, पट्टा दंडात अडकवून ताणला की चांगली स्थिर बैठक होते. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, बऱ्याच लोकांना गुडघे वळवायला त्रास होतो. आपल्यातला पंक्तीत बसून जेवलेला माणूस सहज बसतो. समोर सॅक उभी करून तिच्यावर फोरएंड टेकवता आला तर आणखी चांगलं.

घरी रिकाम्या रायफलीने, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज थोडा वेळ या बैठकीत चाप ओढण्याचा सराव करा. मैदानावर मोठ्या काडतुसांपेक्षा .२२ ची लहान, सौम्य काडतुसं जास्त जाळा.

तीन बारांनंतर गोळ्या भरकटतात. रायफल बिघडली का?

बहुधा नाही. बारीक नळी पटकन तापते आणि तापली की तिच्यातले ताण बदलतात, गोळी वर किंवा बाजूला सरकते. शिकारीत याने काही बिघडत नाही, कारण तिथे पहिली गोळी महत्त्वाची, फार तर दुसरी. म्हणून पाच गोळ्यांचा गुच्छ कागदावर किती लहान आला याला या रायफलीच्या बाबतीत फार किंमत देऊ नका. नळी पूर्ण गार असताना पहिली गोळी कुठे जाते ते पाहा. मैदानावर जाल तेव्हा बाकावर न बसता, मांडी घालून, एक गोळी गार नळीतून कागदी थाळीवर मारा आणि थाळी जपून ठेवा, पुढच्या वेळी त्याच थाळीवर पुढची. काही आठवड्यांत ती थाळी खरं सांगते. ज्या अंतरावर तुमच्या सगळ्या पहिल्या गोळ्या थाळीत आहेत तेवढंच तुमचं अंतर. ते १८० मीटर असेल तर १८० मीटर. एल्कच्या छातीचा मर्मभाग थाळीहून मोठा असला तरी त्या जास्तीच्या जागेवर हक्क सांगू नका, ती वाऱ्याला आणि धापेला लागते.

जखमी एल्क अंधारात दरीत उतरून जातो आणि रात्रभर तडफडतो. वाचवलेल्या पाचशे ग्रॅमची किंमत जनावराने मोजू नये. हे मला रायफलीच्या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

गोळ्या गार नळीतूनही भरकटत असतील तर आधी दस्त्याचे दोन स्क्रू आणि दुर्बिणीच्या रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासा. हलक्या रायफलीत ते सैल व्हायला जास्त धक्का मिळतो.

मझल ब्रेक लावला तर धक्क्याचा प्रश्न सुटेल ना?

मझल ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचा छिद्रांचा तुकडा. त्याने धक्का नक्की कमी होतो. पण वायू बाजूला फेकला जातो आणि आवाज असह्य होतो. मोठ्या रायफलीचा आवाज तसाही १६० डेसिबलच्या घरात असतो. १४० च्या पुढे एका बारातही कानाला कायमची इजा होऊ शकते. शिकारीत एल्क समोर आल्यावर कानात बोळे घालायला वेळ मिळेलच असं नाही आणि शेजारी बसलेल्या सोबत्याचे कान तर उघडेच असतात.

सायलेन्सर हा चांगला मार्ग आहे. तो आवाज आणि धक्का दोन्ही कमी करतो आणि कोलोरॅडोत शिकारीला चालतो. केंद्र सरकारचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी मात्र अजूनही करावी लागते. अडचण अशी की तो २०० ते ४०० ग्रॅम वजन नळीच्या टोकाला लावतो, जिथे ते हाताला सगळ्यात जास्त लागतं.

दुर्बीण कोणती?

लहान. साधी. ३५० ग्रॅमच्या आसपासची. ३ ते ९ किंवा अडीच ते ८ पटीची पुरते. अतिहलक्या रायफलीवर ९०० ग्रॅमची लांब पल्ल्याची दुर्बीण चढवलेली पाहतो तेव्हा वाईट वाटतं: हजारो डॉलर देऊन जे वजन उतरवलं तेच पुन्हा वर, सगळ्यात उंच जागी, चढवलेलं असतं. रायफल हातात फिरते आणि तोल जातो.

बायकोला किंवा मुलीला शिकारीत रस आहे. तिला हलकी रायफल घेऊन देऊ का?

नका देऊ. चांगल्या भावनेने केलेली ही सगळ्यात सामान्य चूक आहे. लहान चणीच्या माणसाला हलकी रायफल उचलायला सोपी, पण झेलायला अवघड. पहिल्याच दिवशी जोराचा ठोसा बसला की धास्ती बसते आणि ती जायला वर्षं लागतात.

तिला दस्त्याची योग्य लांबी द्या. कारखान्याचा दस्ता उंच पुरुषाच्या मापाचा असतो. चाप ते दस्त्याचं टोक हे अंतर साडेबारा-तेरा इंचांचं करून घ्या. सव्वातीन-साडेतीन किलो वजन, ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमोर, सुरुवातीला कमी ताकदीची काडतुसं, दस्त्याला जाड रबरी पॅड आणि कानांवर दुहेरी संरक्षण. वजन जास्त वाटलं तर चढताना रायफल तुम्ही घ्या.

तुम्ही कोणती घ्याल?

दुर्बीण, पट्टा, काडतुसं धरून ३ ते ३.३ किलो, म्हणजे साडेसहा ते सव्वासात पौंड. नळी २० ते २२ इंचांची आणि फार बारीक नसलेली, दस्ता ताठ, चाप स्वच्छ. टिक्कासारखी साधी रायफल आणि हलकी दुर्बीण घेतली की या आकड्याच्या जवळ थोड्या पैशांत पोचता येतं. उरलेले पैसे काडतुसांवर आणि चांगल्या बुटांवर घाला. अडीच किलोची रायफल अशाच माणसासाठी, जो वर्षभर सराव करतो आणि महिन्याभराच्या हंगामात खरोखर उभ्या कड्यांत हिंडतो.

एच-१बी वर आहे. रायफल बाळगता येते का?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला एरवी मनाई आहे. एच-४ वरची, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबातली मंडळीही त्यात आली. एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना तुमच्याकडे असेल तर मनाई लागू होत नाही. परवाना संपला की अपवादही संपतो, रायफल कपाटात असली तरी. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट नाही. मैदानावर मित्राची रायफल हातात घेण्यालाही हेच लागू आहे, त्यामुळे आधी परवाना, मग रायफल, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. इथे चूक झाली तर प्रश्न दंडावर थांबत नाही, व्हिसापर्यंत जातो.

कोलोरॅडोचा परवाना काढायला १ जानेवारी १९४९ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. तो वर्ग मन लावून करा.

अशी रायफल भारतात नेऊन सह्याद्रीत वापरता येईल का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकार हा गुन्हा आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या काही प्राण्यांबाबत वनखात्याच्या लेखी परवानगीने जी कारवाई होते ती वेगळी बाब आहे.

माझ्याकडे जुनी, जड रायफल आहे. तीच हलकी करून मिळेल का?

मिळेल, आणि बहुतेकांनी आधी हेच करावं. सुरुवात दुर्बिणीपासून. जुनी ६००-७०० ग्रॅमची काढून ३५० ग्रॅमची लावली आणि पोलादी रिंगांऐवजी ॲल्युमिनियमच्या घेतल्या की अर्धा पौंड ते पाऊण पौंड तिथेच गेला. दस्ता लाकडी असेल तर चांगल्या कंपनीचा सिंथेटिक किंवा कार्बनचा, नीट बेडिंग करून, म्हणजे रिसीव्हर दस्त्यात घट्ट, बरोबर बसवून. मॅगझिनखालची पट्टी पोलादी असेल तर ॲल्युमिनियमची मिळते. पट्टा रुंद चामड्याचा असेल तर साधा नायलॉनचा घ्या. काडतुसांची अख्खी पेटी खिशात नेऊ नका, दहा पुरतात. नळीला हात लावू नका. जी नळी वर्षानुवर्षं नीट मारते आहे तिला कापून तुमच्या हाती काही लागणार नाही.

दस्ता बदलल्यावर मात्र रायफल पुन्हा शून्यावर आणावी लागते, म्हणजे दुर्बिणीचा नेम गोळीशी जुळवावा लागतो, तेही हंगामाच्या निदान महिनाभर आधी. आणि निघताना नळीच्या तोंडावर विजेच्या कामाची चिकटपट्टी लावा. बर्फ, माती आत जात नाही, बार काढताना ती काढावीही लागत नाही आणि नेमावर तिचा परिणाम होत नाही. पट्टीची एक गुंडाळी दस्त्याभोवती फिरवून ठेवली की पावसात फाटलेली बदलायला हाताशी असते.